दर सात फुटांनी समुद्र

माणसाने आयुष्यात एकदा तरी समुद्रासमोर उभे राहिले पाहिजे. त्याखेरीज त्याला स्वतःची उंची कळत नाही. बहात्तर सालच्या पावसाळ्यानंतर, म्हणजे त्या वर्षी ज्याला पावसाळा म्हणण्याची पद्धत होती त्यानंतर, मी हे वाक्य चौथीच्या वर्गापुढे उच्चारले. भूगोलाचा तास होता आणि मागच्या भिंतीवर नकाशा होता. नकाशाच्या डाव्या बाजूचा निळा रंग उन्हाने उडून पांढरा पडला होता. वर्ग गप्प झाला. मला वाटले, वाक्य लागू पडले.

पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, "गुरुजी, तुमी बघितलाय?"

मी म्हणालो, "हो."

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, केडगावला आईबरोबर राहत होतो, आणि पश्चिमेला संगमनेरच्या पलीकडे कधी गेलो नव्हतो. समुद्राविषयी मी पुष्कळ वाचले होते. गलबते, वादळे, मोती, देवमासे, सगळे वाचले होते. पण मुलीने वाचलाय का असे विचारले नव्हते. तास संपला तरी तो 'हो' माझ्याबरोबर घरी आला, जेवायला बसला आणि पुढे रोज शाळेतही येऊ लागला. ती मुलगी माझ्याकडे अशा काही आदराने पाहू लागली की मला दुसऱ्या बाजूच्या बाकांकडे तोंड करून शिकवण्याची सवय लागली. दिवाळीच्या सुट्टीत जाऊन समुद्र पाहून यायचा आणि तो 'हो' मागाहून का होईना खरा करायचा, असे मी ठरवले.

एसटीने जाता आले असते. पण त्याच सुमारास माझी सायकल तयार होत होती. सुट्या भागांची सायकल होती ती: फ्रेम एका ओळखीच्याकडून आलेली, रिमा नव्या, हब नवे, तारा नव्या. नगरमधल्या एका दुकानात मिस्त्रीने माझ्या डोळ्यांदेखत चाके विणली होती. चाक विणताना पाहणे हे मोठे गुंगवणारे काम आहे. नुसते कडे असते, मधे एक नळकांडे असते, आणि छत्तीस तारा एकमेकींखालून जात जात अचानक त्याचे चाक होते. मिस्त्रीने ते बोटांवर फिरवले, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "गुरुजी, काशीला न्या, कन्याकुमारीला न्या." मी म्हणालो, कोकणात नेतो.

आईला सांगितले तेव्हा ती ज्वारी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"समुद्र काय पळून चाललाय व्हय रे?"

"नाही, पण सुट्टी आहे."

"मंग एसटीनं जा. ती बी सुट्टीत चालती."

हे एवढ्यावर राहिले असते तर बरे झाले असते. पण आमच्या आळीच्या मंडळाच्या अध्यक्षांना बातमी लागली. त्या वर्षी मंडळाला करण्यासारखे काही उरले नव्हते. दुष्काळामुळे गणपती साधेपणाने झाला होता आणि अध्यक्षांचे भाषण त्यांच्या छातीतच राहून गेले होते. त्यांनी माझ्या सुट्टीला 'सागर सायकल मोहीम' असे नाव दिले आणि पत्र्याची एक पाटी रंगवून घेतली. पाटीवर वर अध्यक्षांचे नाव होते, त्याखाली 'यांच्या शुभाशीर्वादाने', त्याखाली मोहिमेचे नाव, आणि उरलेल्या जागेत समुद्र. रंगारीही आमच्याकडचाच. त्याने समुद्राला चारी बाजूंनी दगडी काठ काढला होता आणि मधे तीन कमळे. एका कोपऱ्यात बगळा होता. समुद्र असा नसतो, असे बोलण्याचा अधिकार मला नव्हता.

निघायच्या सकाळी पाटी सायकलच्या पुढे बसवली. वरच्या दोन भोकांतून तार ओवून ती हँडलला बांधली. खालची बाजू वाऱ्याने फडफडू नये म्हणून उजव्या कोपऱ्यातल्या भोकातून आणखी एक तार घेऊन ती आत, मागे, जे काही लोखंड हाताला लागले त्याला पिळून टाकली. मग पाटीला हळद-कुंकू लागले, हार पडला, चाकाखाली लिंबू ठेवले, नारळ फुटला. अध्यक्ष म्हणाले, "हे मास्तर जात नसून आपण सर्व जण जात आहोत." सर्व जण बँडसह जकात नाक्यापर्यंत आले आणि तिथून परतले.

बँडचा आवाज मागे विरला आणि मनमाड रस्त्याला मी एकटा लागलो, तेव्हा मला दुसरा आवाज ऐकू आला.

शुऽऽक्.

मग शांतता. मग पुन्हा शुऽऽक्. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. सायकलचे चाक एका फेऱ्यात सात फूट जाते, म्हणजे दर सात फुटांनी एकदा. खाली उतरून पाहिले. पुढच्या ब्रेकचे उजवे रबर रिमला घासत होते. त्या काळी ब्रेकला लोखंडी दांड्या असत: मूठ दाबली की दांडी वर ओढली जायची आणि तिच्या टोकाची दोन रबरे रिमच्या पोटाला टेकायची. मूठ सोडली की खाली यायची. डावे रबर खाली आले होते. उजवे येत नव्हते, केसाइतके वर राहत होते, आणि रिमचा जो भाग किंचित फुगीर होता तो तेवढाच त्याला चाटून जात होता.

मी ते हाताने दाबले. ते खाली गेले आणि मी वर बसताच पुन्हा आले.

आता हे सांगायला नको, पण सांगतो. राहुरीपर्यंतच्या त्या वाटेवर मला तो आवाज आवडू लागला. दोन्ही बाजूंना ढेकळांची राने पसरली होती, पेरलेले उगवले नव्हते, उगवलेले वाळले होते, आणि ऊन असे होते की दूरच्या सपाटीवर पाण्याचा भास हलत राही. त्या भासाकडे पाहत मी पायडल मारत होतो आणि खालून दर सात फुटांनी शुऽऽक्. पुस्तकांत लाटेचे वर्णन असते ना, ती येते, वाळूला घासते, परत जाते? मला वाटू लागले की मी आधीच किनाऱ्याकिनाऱ्याने चाललो आहे. डोळे अर्धवट मिटले तर उजव्या हाताला पाणी होते. बैलगाड्या गलबतांसारख्या संथ जात होत्या. एका गाडीवानाने मला विचारले, "मास्तर, झोपलाय का?" आणि मी दचकून हँडल सरळ केले.

रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावरची माणसे खडी फोडत बसली होती. लांबच लांब रांग, डोक्यावर फडकी, हातोड्यांचा एकसारखा आवाज. पाटी वाचता येणाऱ्या एकाने ती मोठ्याने वाचली आणि रांगेतली एक बाई ओरडली, "ओ समुंदरवाले! येताना चार घागरी घिऊन या!" दुसरी म्हणाली, "अगं खारं असतंय त्ये." पहिली म्हणाली, "असू दी. मीठ तरी वाचंल." मी हात हलवला. समुद्र खारा असतो हे त्या बाईला माझ्याइतकेच ठाऊक होते, आणि तिने पुस्तक वाचले नव्हते.

राहुरीच्या सायकलवाल्याने आधी पाटी वाचली. मग तिच्यावरच्या कुंकवाला बोट लावून ते कपाळाला लावले. मग पुढे बसला, चाक फिरवले आणि म्हणाला, "आउट हाय." चाक वाकडे फिरू लागले की त्याला आउट म्हणतात आणि तारा कमी-जास्त कसून ते सरळ करण्याला आउट काढणे म्हणतात. त्याने माझ्या मिस्त्रीच्या सात पिढ्या काढल्या आणि मग आउट काढला. आवाज गेला. दोन मैलांवर परत आला.

वाटेत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी संगमनेरला पोहोचलो. तिथल्याने पाटीला दोन्ही हातांनी नमस्कार केला, चाक फिरवले आणि विचारले, "याला कुणी हात लावला हुता?" मी राहुरी म्हणताच त्याने कपाळावर हात मारला. त्याने सगळ्या तारा ढिल्या करून पुन्हा कसल्या. या वेळी आवाज दीड मैलावर परत आला आणि चाक आता खरोखरच किंचित डुलू लागले. मी मागे फिरून त्याच्याकडे गेलो.

"मंग रबरच काढून टाका ना," तो म्हणाला. "ब्रेक लावून कोन मोठं झालंय? चप्पल हाय की पायात."

"मला कसाऱ्याचा घाट उतरायचा आहे."

तो थोडा वेळ चाकाकडे, थोडा वेळ माझ्या चपलेकडे पाहत राहिला. उजवे रबर एव्हाना झिजू लागले होते.

"मंग असं करा गुरुजी," तो म्हणाला, "माघारी जावा."

हा सल्ला प्रामाणिक होता. या चाकाने घाट उतरणे वेडेपणा होता, आणि घाट न उतरता समुद्र लागत नाही. माघारी गेलो असतो तर कोणी काही म्हणाले नसते. अध्यक्षांनी दुसरे भाषण केले असते. पण सुट्टी संपल्यावर पहिल्या बाकावर ती मुलगी बसलेली असणार होती. मी पश्चिमेला, अकोले गावाकडे वळलो. राजूरपर्यंत जायचे, तिथे बाजाराचे गाव आहे, कोणी ना कोणी असेल. तिथेही नाही जमले तर परतायचे, असा स्वतःशी करार केला.

अकोल्याच्या पुढे रस्ता चढू लागतो आणि हवा बदलते. तिकडे पाऊस थोडा तरी झाला होता. डोंगर निळे होते, गवत पिवळे होते पण होते, आणि कुठून तरी ओलसर वास येत होता. आवाज आता सात फुटांत दोनदा येऊ लागला होता. शुक् शुऽऽक्. भरती आली असावी असे मला वाटले. चढावर मी सायकल ढकलत नेली तेव्हाही तो आवाज हळूहळू, झोपेत बोलल्यासारखा, येत राहिला.

राजूरला पोहोचलो तेव्हा दुपार होती आणि बाजाराचा दिवस नव्हता. सायकलवाला फक्त बाजाराच्या दिवशी बसतो, असे कळले. "चाकाचं काम हाय ना?" एकाने विचारले. "मंग त्या म्हाताऱ्याकडं जावा. चाकाचं समदं त्योच बघतो."

म्हातारा बैलगाडीच्या चाकांना धाव चढवणारा होता. धाव म्हणजे लाकडी चाकाभोवतीची लोखंडी पट्टी. ती विस्तवात लाल करायची, चाकावर बसवायची आणि पाणी ओतायचे, म्हणजे ती आवळते. त्याच्या छपराबाहेर चार-पाच मोठी चाके भिंतीला टेकून उभी होती, शेजारी पाण्याचा रांजण होता आणि त्यावर फुटक्या फळकुटाचे झाकण. म्हातारी उंबऱ्यात बसून वाल सोलत होती. मी सायकल उभी केली. म्हाताऱ्याने पाटीकडे पाहिले नाही. त्याला वाचता येत नव्हते.

"बाबा, सायकलच्या चाकाचा आउट निघेल का?"

"चाक ते चाक," तो म्हणाला. "काढा."

मी चाक काढून त्याच्या हातात दिले. त्याने ते दोन्ही तळव्यांत आडवे तोलून पाहिले, जणू बाजारात भोपळा घेत होता. मग आस दोन विटांच्या मधे टेकवला, जमिनीतून गवताची एक काडी उपटली आणि तिचे टोक रिमपासून नखभर दूर धरून चाक फिरवले. जिथे काडी हलली तिथे थांबला. मग त्याने बोटाने एकेक तार छेडायला सुरुवात केली. टिंग. टिंग. टुंग.

"कुनी कसल्या ह्या?"

"दोघांनी. राहुरीला आणि संगमनेरला."

"दोगांचं भांडान दिसतंय ह्यात."

त्याच्याजवळ तारांचा पाना नव्हता. माझ्याजवळ होता, तो मी दिला. म्हातारा भजनात पखवाज वाजवायचा, असे म्हातारीने मला वाल सोलता सोलता सांगितले. "आता दोन तास गप बसा," ती म्हणाली. "सूर लागल्याबिगर त्यो जेवत बी न्हाई." तो खरोखर सूरच लावत होता. तार छेडायची, मान कलती करायची, पाना पाव फिरवायचा, पुन्हा छेडायची. मी छपराच्या सावलीत बसलो. समोर डोंगर, त्यावर ढगांच्या सावल्या सरकत होत्या, आणि ते छत्तीस टिंग एकेक करून एकमेकांजवळ येत होते. मला वाटते मी झोपलो. स्वप्नात काही आले नाही, फक्त आवाज होता, आणि हळूहळू सगळे आवाज एकच झाले.

जागा झालो तेव्हा चाक विटांच्या मधे फिरत होते आणि काडी हलत नव्हती. एकाही जागी, निःश्वासाइतकीसुद्धा नाही. आम्ही तिघेही ते थांबेपर्यंत पाहत राहिलो. ते पुष्कळ वेळ फिरले.

मी चाक सायकलला चढवले, नट आवळले, फिरवले.

शुऽऽक्.

माझा चेहरा पडलेला म्हातारीने पाहिला. ती हसली. "एकटं हुतं तवर शानं हुतं. संसारात घातलं की कुरकुर सुरू."

"तुज्यावरनं बोल," म्हातारा म्हणाला, पण त्याचे लक्ष चाकाकडे नव्हते. तो उकिडवा बसून खालून वर पाहत होता. त्याने रबर दाबले. ते खाली गेले. हँडल हलवले, ते वर आले. मग त्याने पाटी एका बोटाने मागे ढकलली. रबर खाली गेले. बोट काढले. रबर वर आले.

"गुरुजी, हे नाकाम्होरं काय बांधलंय?"

"पाटी आहे."

"ती काय करती?"

मी विचार केला. "काही नाही. नाव लिहिलंय."

"हिची तार ब्रेकच्या दांडीला पिळलीय. गचका बसला की ही झुकती आन् दांडी वडती." तो माझ्याकडे पाहू लागला. "दोन जनांनी चाक खोललं म्हनता. ही कुनीच न्हाई बघितली?"

बघितली होती. राहुरीच्याने बघितली, संगमनेरच्याने बघितली, मी तर दीड दिवस तिच्यामागेच बसलो होतो. पण तिच्यावर हळद-कुंकू होते, हार होता, आशीर्वाद होते. सायकल बिघडली की माणूस सायकलीत बिघाड शोधतो. आशीर्वादात कोण शोधतो? मी भीत भीत म्हणालो, "बाबा, तिची पूजा झालीय."

म्हाताऱ्याने पाटीला हात जोडले, डोळे मिटले, उघडले, पकड घेतली आणि तार तोडली.

"हात जोडायचं येगळं काम," तो म्हणाला. "तार तोडायचं येगळं."

वरच्या दोन ताराही त्याने तोडल्या, कारण एवीतेवी पकड हातात होती. मग पुढचे चाक उचलून मी ते फिरवले. काही ऐकू आले नाही. हवा कापली गेल्याचा नुसता भास, आणि रिमवर राजूरचे सगळे आकाश गोल गोल फिरत होते. चाक मंदावले, थोडे मागे झुलले आणि थांबले. मी मूठ दाबली. दोन्ही रबरे एकदम टेकली. सोडली. दोन्ही खाली आली. त्या क्षणी माझा घाट उतरून झाला होता.

मजुरी तो घेईना. "चाकाला काय झालंच नव्हतं, कशाचं घिऊ?" म्हातारी मात्र व्यवहारी होती. तिने पाटी उचलली, कमळे बघितली, बगळा बघितला आणि म्हणाली, "तळं छान काढलंय." मग फुटके फळकूट बाजूला टाकून तिने पाटी रांजणावर ठेवली. बरोबर बसली. तिला मी ते तळे नसून समुद्र आहे असे सांगितले नाही. शिवाय रांजण भरलेला होता, आणि त्या वर्षी आमच्या बाजूला एवढेही पाणी कुठल्या झाकणाखाली नव्हते. तिने मला चहा पाजला, मग वालाची उसळ खाऊ घातली, मग रात्र पडेल म्हणून थांबवून घेतले. सकाळीही ती लवकर सोडीना.

पुढचा प्रवास सांगण्यासारखा नाही, कारण सगळे नीट झाले. घोटी, इगतपुरीला मुक्काम, मग कसाऱ्याचा घाट. ब्रेक असा लागत होता की दर वळणावर मला म्हाताऱ्याची मान कलती झालेली दिसे. मात्र एक गोष्ट होती. सायकल आता मुकी झाली होती. उजव्या हाताचे पाणी गेले, गलबते गेली. मी रस्त्यावरून जात होतो आणि रस्ता रस्त्यासारखाच दिसत होता. भिवंडीच्या पलीकडे खारट वास आला, ताडाची झाडे लागली, पाय आपोआप जोरात चालू लागले, आणि एका गावाच्या टोकाला रस्ता संपला.

मी सायकल झाडाला टेकवली, चप्पल काढली, कपडे झटकले. समुद्रासमोर उभे राहायचे होते.

समोर चिखल होता. करडा, चकचकीत, मैलभर चिखल. त्यात दोन होड्या कुशीवर पडल्या होत्या. पार लांब, आभाळाच्या कडेला, एक पांढरट रेघ होती. आवाज अजिबात नव्हता. आमच्या तळ्यांची जी अवस्था मी गेले वर्षभर पाहत होतो तीच, फक्त मोठ्या प्रमाणावर. माझ्या मनात पहिला विचार आला तो लाजिरवाणा आहे, पण लिहितो: इथेही आटला.

टोपली घेऊन एक कोळीण चालली होती. मी तिला विचारले, "बाई, समुद्र कुठे गेला?"

तिने मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिले. "ओहोटी हाय. आत गेलाय. सकाळीच यायचा ना, सकाळी पानी इथवर होता."

"पुन्हा कधी येतो?"

"रोज," ती म्हणाली आणि गेली.

त्या सकाळी, म्हातारीच्या उसळीपायी, मी घाटाच्या आसपास कुठे तरी होतो. थांबलो असतो तर रात्री पाणी आले असते, पण भिवंडीहून त्या संध्याकाळी नाशिकला जाणारी एसटी होती, तिच्या टपावर सायकल टाकून दुसऱ्या दिवशी नगरला पोहोचायचे होते, आणि पुढे भाऊबीज होती. मी चिखलात पन्नास पावले गेलो, त्या रेघेकडे बघत उभा राहिलो, माझी उंची कळते का पाहिले. गुडघ्यापर्यंतचा भाग चिखलात असल्याने अंदाज आला नाही.

अध्यक्षांनी पाटीची चौकशी केली. मी म्हणालो, ती पाण्यावर ठेवून आलो. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुढे दोन भाषणांत वापरले.

सुट्टी संपली. भूगोलाचा तास आला. मी वर्गाला सांगितले की मी समुद्र पुन्हा पाहून आलो. 'पुन्हा' हा शब्द मी ठरवून घातला नव्हता, तो आपोआप आला. पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली.

"गुरुजी, त्याचा आवाज कसा येतो?"

सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता. बाहेर ऊन होते, नकाशाचा निळा रंग आणखी थोडा उडाला होता. मी डोळे मिटले आणि तो आवाज काढून दाखवला. शुऽऽक्. थोडे थांबून, शुऽऽक्. मुलांनाही तो जमू लागला, आणि पाहता पाहता चाळीस मुलांचा समुद्र त्या कोरड्या खोलीत येऊ-जाऊ लागला. मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले आणि परत गेले.

तो आवाज पुढच्या ब्रेकच्या उजव्या रबराचा होता.